मीठ कमी

कालगूर्लीच्या त्या गल्लीत
दुपारी तीनला सावलीसुद्धा तापलेली असते.
मर्ल हॉकिंगनं जाळीचं दार काठीनं ढकललं,
म्हणाली, "दिवा परत लागलाय."

पंपाशेजारी भिंतीवर तो खोका,
उन्हानं पांढराफटक,
एका बिजागरीच्या जागी तांब्याची तार.
त्यावर लाल ठिपका: मीठ कमी.
खाली रिकामी पोती, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली.
मोजली. अकरा.

"दिवा सांगेल तसं शेजारच्या पोराकडून ओतून घेत गेले," ती म्हणाली.
"क्लॅरीनं आधी दिव्यालाच विचारलं असतं, तू कोण लागून गेलास?"

समुद्र इथून चारशे किलोमीटर.
नळाचं पाणीही दूरच्या डोंगरातून
लोखंडी नळीतून वाळवंट ओलांडत येतं.
तिच्या हौदातलं मी बाटलीत घेतलं.
आकडा दुपटीच्याही वर.
दिवा तरी म्हणतच होता, कमी, कमी.

झाकण उघडलं.
आतून सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं,
एकोणीस वर्षांचं:
मार्च. क्षार जाड.
ऑगस्ट. बरं आहे.
डिसेंबर. फार गरम. मर्लला सर्दी.
मग अक्षर तिरपं होत जातं,
आणि शेवटी नुसता एक महिना,
पुढे पूर्णविरामही नाही.

पट्ट्या काढल्या. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड;
उलटं केलं तर तोंडावर येतं,
हे मला बापानं एक कानफटात देऊन शिकवलं होतं.
चुना फसफसला, वर आला, निवला.
खाली काळा लेप असायला हवा होता,
निघाला उघडा राखाडी पत्रा.

"लेप उडालाय," मी म्हणालो.
"पट्ट्यांतून वीज जात नाही,
आणि यंत्राला वाटतं पाण्यातच मीठ नाही."
"म्हणजे झिजला हा, आणि बोल पाण्याला?"
"तसंच."
ती हसली. "ओळखते मी या जातीला."

नवीन बसवायचं तर अर्धं पाणी काढावं लागेल,
एवढ्या मिठाला नवं यंत्र चालूच होत नाही.
यावर ती बराच वेळ काठीच्या मुठीवरचं रबर कुरतडत राहिली.
"पहाटे पाचला उतरते मी.
खुबा बदलल्यापासून जमिनीवर सगळंच जड.
यंदा पाणी जास्त धरतं मला.
मिठानंच ना, ईवो?"

हिशेब मला येतो.
अकरा पोत्यांनी तिच्या अंगाचं ओझं हलकं होतं
फार तर वाटीभर साखरेएवढं.
मी मिठाची गुळणी धरली.

पाणी दोन दिवस उतरत होतं.
नळी लांब, थेट गटारापर्यंत नेली,
लिंबाच्या मुळाशी गेलं असतं तर झाड मेलं असतं.
ती पायरीवर बसून पाय बुडवायची,
पाणी एक पायरी उतरलं की तीही उतरायची.

नवा खोका वहीएवढा.
जुनं झाकण त्याला बसत नाही, बसणारही नव्हतं.
भंगाराबरोबर गाडीत टाकलं होतं,
फाटकापाशी थांबलो,
परत जाऊन भिंतीला टेकवून ठेवलं, लिहिलेली बाजू आत.
तिनं पाहिलं. झारी उचलून
झाडाला पाणी घालायला लागली.

शनिवारी फोन. "दिवा हिरवा आहे. आता काय करू?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
"एक पोतं उरलंय," ती म्हणाली, "बारावं. न उघडलेलं."
"राहू दे, कोरडं ठेव."

पुढच्या महिन्यात तपासायला गेलो.
मी सोडला होता त्याहून आकडा थोडा वर,
फार नाही,
दिव्याला कळण्याइतका तर नाहीच.
भिंतीपाशी घडी घातलेलं एक पोतं.

वहीत लिहिलं: मीठ ठीक.
ती आतून चहाला हाक मारत होती,
आणि केस तिचे अजून ओले होते.